दरीकडची खोली

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघालेली गाडी वाईला पोचते तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात. पसरणीचा घाट चढताना काचेवर ओल धरू लागते. पाचगणीच्या बाजारात गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते आणि उरलेले एकोणीस किलोमीटर पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत संपतात. नाक्यावर प्रवासी कर भरून हॉटेलच्या आवारात शिरेपर्यंत मुलं मागच्या सीटवर झोपी गेलेली असतात. काउंटरवरचा मुलगा किल्ली हातात देताना सांगतो, ‘व्हॅली व्ह्यू आहे साहेब. सकाळी उठल्या उठल्या पडदा उघडा.’

सकाळी पडदा उघडला जातो. बाहेर नुसतं पांढरं. दरी नाही, झाड नाही, गॅलरीचा कठडासुद्धा जेमतेम दिसतो. जुलै असेल तर ते पांढरं दोन-तीन दिवस हलतही नाही, आणि रविवारी दुपारी सामान गाडीत भरताना घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘एवढे पैसे कशाचे घेतले मग?’

प्रश्न रास्त आहे. हॉटेलवाला मात्र खोटं बोललेला नसतो. दरी जागच्या जागी आहे आणि खोलीचं तोंडही तिच्याकडेच आहे. पाहुण्याची निराशाही खरी आहे, कारण त्याने दरीकडच्या खोलीचे जादा पैसे मोजले आहेत. चुकलं ते दोघांमधलं बोलणं. एकाने सांगितलं नाही, दुसऱ्याने विचारलं नाही. डोंगरावरच्या हॉटेलचा बराचसा व्यवहार अशा न सांगितलेल्या गोष्टींवर चालतो. धुकं, ओल, पाणी, रस्ता आणि तिथे राबणारी माणसं, यांतलं काहीच जाहिरातीत येत नाही. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी या गोष्टी आता उघडपणे बोलल्या गेल्या पाहिजेत, कारण याच डोंगरांत ‘नवीन महाबळेश्वर’ वसवण्याचं घाटतं आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सातारा जिल्ह्यातल्या शेकडो गावांचं नियोजन सोपवलं गेलं आहे. नवं गिरिस्थान उभं करायच्या आधी जुन्या गिरिस्थानातल्या एका खोलीकडे नीट बघायला हवं.

सुरुवात धुक्यापासून. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटरवर, सह्याद्रीच्या ऐन काठावर आहे. पश्चिमेला कोकणची अरुंद पट्टी ओलांडली की समुद्रच. मोसमी वारा समुद्रावरून बाष्प घेऊन येतो, सह्याद्रीच्या भिंतीला अडतो, वर चढतो आणि चढता चढता गार होतो. ज्या उंचीवर त्या बाष्पाचे ढग होतात, साधारण त्याच उंचीवर हे गाव वसलेलं आहे. खाली कोकणातल्या पोलादपूरहून वर पाहणाऱ्याला डोंगरमाथ्यावर टेकलेला जो ढग दिसतो, त्याच्या पोटात हॉटेलातला पाहुणा चहा पीत बसलेला असतो. वर्षाकाठी इथे सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या सात-आठपट, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. जुलै-ऑगस्टमध्ये दरी दिसणं हा नशिबाचा भाग आहे. न दिसणं हे इथलं रोजचं हवामान आहे.

ज्यांनी हे गिरिस्थान उभारलं त्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. १८२४ मध्ये पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी डोंगर चढून इथे आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून इथली जमीन घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. त्या जमिनीवर माल्कम पेठ वसली ती आजारी गोऱ्या सैनिकांना आणि अंमलदारांना गार हवा मिळावी म्हणून. पुढे मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येऊ लागलं, पण जूनच्या मध्यावर पावसाची चाहूल लागली की सगळा लवाजमा खाली उतरायचा. ज्यांना बारा महिने गार हवेत राहायचं होतं त्यांच्यासाठी जॉन चेसन यांनी पाचगणीची जागा निवडली. पाचगणी डोंगराच्या आतल्या अंगाला आहे आणि तिथला पाऊस महाबळेश्वरच्या मानाने खूपच कमी. एकोणीस किलोमीटरच्या अंतरात हवामान इतकं बदलतं, हे ओळखूनच ती दोन गावं दोन वेगवेगळ्या कामांसाठी वसली.

गावकऱ्यांचं शहाणपण तर त्याहून जुनं. पाऊस तोंडावर आला की घरांच्या भिंतींना गवताच्या झड्या बांधायच्या, बाजारातली दुकानंही शाकारून घ्यायची, चार महिन्यांचं सरपण आणि धान्य भरून ठेवायचं, अशी इथली रीत. आता गवताच्या जागी निळं प्लास्टिक दिसतं, पण भिंतीवर थेट पाऊस घ्यायचा नाही हा नियम तोच आहे. जुने बंगलेही याच नियमाने बांधलेले. जांभ्याच्या जाड भिंती, वर उतरतं पत्र्याचं छप्पर, खोलीत शेकोटीची जागा आणि बाहेर रुंद व्हरांडा. व्हरांड्यात बसून चहा प्यायला मजा येते हे खरंच, पण त्याचं पहिलं काम पावसाला भिंतीपासून चार हात लांब ठेवण्याचं होतं.

आजचं हॉटेल या सगळ्याकडे पाठ फिरवून उभं राहतं. वर सपाट स्लॅब आणि दरी दिसावी म्हणून खाली जमिनीपासून छतापर्यंत काच. पावसाळ्यात वारा पाऊस आडवा मारत आणतो तो थेट त्या काचेवर. पाणी चौकटीच्या फटीतून आत येतं, भिंतीच्या कोपऱ्यात रंग फुगतो, पलंगाच्या मागे बुरशी धरते. चादर हाताला गार, ओलसर लागते. रात्री दांडीवर टाकलेला टॉवेल सकाळी तसाच ओला. कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा आणि कोंदट लाकडाचा वास एकदम येतो. गच्चीवर सौर बंब बसवलेले असतात, पण सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. मग गिझर आणि बॉयलर चालवावे लागतात आणि गरम पाण्याला सकाळच्या दोन-तीन तासांची वेळ ठरते. झाड पडून वीज गेली की जनरेटर सुरू होतो, आणि ज्या शांततेसाठी माणूस इतक्या लांब आला ती त्याच्या घरघरीत बुडून जाते.

ओल हा हॉटेलचा दोष नाही. सहा हजार मिलिमीटर पावसाच्या गावात भिंत कोरडी राहील अशी अपेक्षा करणंच चूक आहे. दोष आहे तो ओल लपवण्याचा. पाहुणा येण्याआधी अत्तराचा फवारा मारायचा, फुगलेल्या रंगावर दरवर्षी नवा हात फिरवायचा आणि जाहिरातीत ऑक्टोबरच्या लख्ख उन्हातला फोटो लावून जुलैचं आरक्षण घ्यायचं, हे थांबायला हवं. फोनवर एवढंच सांगता येतं की या दिवसांत दरी दिसेलच असं नाही, खोलीत गारठा असतो, अंथरूण शेकून देऊ, जास्तीची गोधडी देऊ, कपडे वाळवायला गरम खोली आहे. असं सांगणारी थोडी जुनी, घरगुती हॉटेलं आजही आहेत. त्यांच्याकडे पावसाळ्यात पुन्हा पुन्हा जाणारी कुटुंबंही आहेत. काय मिळणार आणि काय नाही हे ठाऊक असलेला पाहुणा निराश होत नाही.

रस्त्याची गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. जुलै २०२१ मध्ये २२ आणि २३ तारखांच्या दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या पाऊणपटीहून जास्त, एका दिवसात. आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला आणि पोलादपूरकडे जाणारी वाट बराच काळ बंद राहिली. त्याच पावसात डोंगराच्या कोकणातल्या बाजूला, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. अशा दिवसांत घाट चढून येणाऱ्या पाहुण्याला ‘या, रूम आहे’ म्हणणं हा नुसता धंद्याचा निर्णय राहत नाही. हवामान खात्याने घाटमाथ्याला लाल इशारा दिला की आरक्षण रद्द करून पूर्ण पैसे परत, हा नियम प्रत्येक हॉटेलात असायला हवा. पैसे बुडतील या भीतीने लोक घाटात गाड्या घालतात. ती भीती काढून घेणं हॉटेलांच्या हातात आहे.

आता ऋतू बदलून मे महिन्यात याच खोलीत यावं.

एवढ्या पावसाच्या या गावाला उन्हाळ्यात पाण्याची चिंता असते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. कारण पायाखाली आहे. महाबळेश्वरचा माथा जांभ्याचा आहे. जांभा म्हणजे भोकाभोकांचा, पाणी शोषणारा दगड. त्याच्या खाली काळ्या बेसाल्टचे थर. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली जातं आणि जिथे घट्ट थर लागतो तिथे कड्याच्या पोटातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. माथ्यावर ते थांबत नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचं उगमस्थान मानलं जातं, त्यामागे हीच रचना आहे. पाणी इथे जन्म घेतं आणि इथून निघून जातं. कृष्णा धोमच्या धरणाकडे जाते, कोयना तिच्या नावाच्या धरणाकडे आणि सावित्री कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीला मिळते.

डोंगरावर अडवलेलं पाणी म्हणजे मुख्यतः वेण्णा तलाव. सातारच्या छत्रपतींनी १८४२ मध्ये तो बांधून घेतला. आज नौकाविहारासाठी रांगा लागतात तो हाच तलाव, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या नळांना पाणी येतं तेही इथूनच. सुट्टीत ज्या आठवड्यात गर्दी सगळ्यात जास्त, त्याच आठवड्यात तलावाची पातळी सगळ्यात खाली. पाहुण्याला मात्र खोलीत टब मिळतो, मुलांसाठी पोहण्याचा तलाव मिळतो, रोज बदललेली पांढरीशुभ्र चादर मिळते. बाहेर टँकर रस्त्याच्या कडेला उभा असतो, तो त्याच्या नजरेला पडत नाही. गावातल्या एखाद्या आळीत नळाला कमी दाबाने पाणी येत असताना हॉटेलच्या टाक्या भरलेल्या असतात, तेही त्याला कळत नाही. कळलं तर बहुतेक पाहुणे टब वापरणार नाहीत. माणसं इतकी बेपर्वा नसतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पाणी संपल्यावर काय होतं याचा धडा सिमल्याने दिला आहे. मे २०१८ मध्ये तिथे नळ कोरडे पडले, लोक बादल्या घेऊन रात्री रांगेत उभे राहिले, ठरलेला उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला आणि पर्यटकांनी सध्या इकडे येऊ नये असं आवाहन स्थानिक लोकच करू लागले. गिरिस्थानाला स्वतःच्या पाहुण्यांना ‘येऊ नका’ म्हणावं लागणं, यासारखी नामुष्की नाही.

खोलीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा प्रश्न आत येणाऱ्या पाण्याइतकाच मोठा आहे. जांभा स्वच्छ पाणी जसं शोषतो तसंच सांडपाणीही शोषतो. शोषखड्डा नीट नसेल, प्रक्रिया यंत्र नुसतं कागदावर असेल, तर न्हाणीघरातलं पाणी कड्याखालच्या झऱ्यात उतरायला वेळ लागत नाही. वेण्णा पुढे साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. कृष्णा सांगलीवरून कर्नाटकात जाते, तिथून तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. चार राज्यांची नदी जिथे उगम पावते त्या माथ्यावर हॉटेल चालवणं ही साधी गोष्ट नाही. केंद्र सरकारने जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला तो याच जाणिवेतून. त्यानंतरही अनधिकृत बांधकामं होत राहिली आणि पाडली जात राहिली. पाडापाडीची बातमी पेपरात येते. पण प्रत्येक परवानाधारक हॉटेल आपलं सांडपाणी कुठे सोडतं, हे पाहुण्याला कुठेच वाचायला मिळत नाही.

आता त्या काउंटरवरच्या मुलाविषयी. तो बहुधा जावळीच्या नाहीतर कोयनेच्या खोऱ्यातला असतो, स्वयंपाकघरात उत्तराखंडचे किंवा नेपाळचे हात असतात, घोडा फिरवणारा आणि चणे विकणारी बाई गावातलीच. या खोऱ्यांतून माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली, गिरण्यांत आणि माथाडी कामात. हॉटेलांमुळे त्यांच्या काही नातवंडांना डोंगर न सोडता काम मिळालं. हॉटेल व्यवसायाची ही मोठी जमेची बाजू आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी.

पण काम मिळालं म्हणजे माणसाला बरी जागा मिळाली असं होत नाही. डोंगरउतारावर बांधलेल्या हॉटेलाला दोन अंगं असतात. दरीकडची खोली पाहुण्याला मिळते. डोंगर कापून काढलेल्या भिंतीला लागून, जिन्याखाली किंवा तळघरात जी जागा उरते ती अनेक ठिकाणी कामगारांच्या वाट्याला येते. पावसाळ्यात त्या भिंतीतून पाणी पाझरतं. पहाटे पाचला पाहुण्यासाठी गरम पाणी सुरू करणारा मुलगा तिथून उठून आलेला असतो. दिवाळी, नाताळ आणि मे या दिवसांत त्याला सुट्टी नसते, आणि गर्दी ओसरली की कित्येकांचा पगारही थांबतो. आवाराचा देखणेपणा बघून तारे देणाऱ्या पाहुण्याने एकदा तरी विचारावं की इथली माणसं झोपतात कुठे.

जेवणाच्या टेबलावरही डोंगर दिसत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. गाजर, मुळा, बीट, फरसबी रस्त्याच्या कडेला ढिगांनी मांडलेली असते. खोऱ्यातल्या घराघरात नाचणीची भाकरी होते. आणि हॉटेलच्या बुफेत तेच पनीर, त्याच नूडल्स, डब्यातला फळांचा रस आणि कारखान्यातल्या मधाची प्लास्टिकची पुडी. अर्ध्या तासाच्या अंतरावर मधपाळ आहे, शेतकरी आहे. त्यांचा माल हॉटेलात यावा यासाठी कुठली नवी योजना लागत नाही, खरेदीची वही बदलावी लागते.

हॉटेलवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचं म्हणणं असं की वर्षातले मोजके आठवडेच गल्ला भरतो, पण कर्जाचा हप्ता बारा महिने जातो. आरक्षणाच्या संकेतस्थळांना कमिशन द्यावं लागतं. पाहुणा डोंगरावर येतो आणि मागतो मात्र शहरच: एसी, मोठा टीव्ही, वेगवान इंटरनेट, रात्री अकराला गरम जेवण, हिरवळीवर डीजे. एखाद्या खोलीत ओल दिसली की फोटो काढून एक तारा देतो, आणि तो एक तारा पुढचे सहा महिने छळतो. ‘धुकं होतं, व्ह्यू दिसला नाही’ म्हणून तारे कापणारे लोकही आहेत. यातली एकेक तक्रार खरी आहे. लपवाछपवीचं मूळ पुष्कळ वेळा पाहुण्याच्या या मागणीत असतं. खोली शहरासारखी हवी असेल तर हॉटेलवाला तिला शहरासारखी करणार, आणि डोंगराचं जे काही तिच्यात शिरेल ते झाकणार.

म्हणूनच माथेरानचं उदाहरण मोलाचं आहे. तिथे मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे मुख्यतः पायी, घोड्यावर किंवा नेरळहून येणाऱ्या छोट्या गाडीने. २१ किलोमीटरचा तो रेल्वेमार्ग १९०७ पासून डोंगर चढतो आहे. हॉटेलात येणारा सिलिंडर, भाजीची पाटी, सिमेंटचं पोतं नाक्यावरून घोड्याच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावरून जाताना पाहुण्याला दिसतं. आपल्या खोलीत जे काही आहे ते कुणीतरी वाहून आणलं आहे, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. माथेरानमध्ये सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. माणसाने माणसाला ओढून नेण्याच्या हातरिक्षा तिथे एकविसाव्या शतकातही चालत राहिल्या, आणि त्या सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावं लागलं. पण मोटार अडवल्यामुळे त्या डोंगराने स्वतःची मर्यादा उघड ठेवली आहे. तांबड्या मातीच्या वाटेवरून पायी चालत आलेला पाहुणा हॉटेलात पोचतो तेव्हा आपण कुठे आलो आहोत हे त्याला कळलेलं असतं.

गाड्या मोजण्याचं काम इतरत्र सुरूही झालं आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून उटी आणि कोडाईकॅनॉलला जाणाऱ्या गाड्यांना ७ मे २०२४ पासून ई-पास घ्यावा लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यासाठी तर न्यायालयाने आकडेच ठरवून दिले: उटीला सोमवार ते शुक्रवार रोज ६,००० गाड्या आणि शनिवार-रविवारी ८,०००; कोडाईकॅनॉलला ४,००० आणि ६,०००. व्यापाऱ्यांनी विरोध केला, बंद पाळले गेले. तरीही एक गोष्ट झाली. डोंगराला किती सोसतं हा प्रश्न आकड्यांत विचारला गेला. हिमालयात जोशीमठला जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचली, एकमेकांवर झुकलेली दोन हॉटेलं उतरवावी लागली आणि लोकांना घरं सोडावी लागली. तिथे हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नव्हता. सह्याद्रीचा दगड वेगळा आहे, त्याचा स्वभाव वेगळा आहे. पण उताराला किती भार झेपतो हे बांधून झाल्यावर बघायचं नसतं, हे दोन्हीकडे सारखंच.

हे सगळं कळूनही माणसाने डोंगरावर जावं का? जरूर जावं. पहाटे साडेपाचला त्या पांढऱ्या काचेचं दार सरकवून व्हरांड्यात उभं राहावं. दरी दिसणार नाही, पण धुक्यातून शीळकरी कस्तुराची लांब, माणसासारखी शीळ ऐकू येईल. आधी वाटतं की कुणी मुलगाच वाटेवरून शीळ घालत चालला आहे. पावसाने काळ्या झालेल्या खोडांवर शेवाळ चढलेलं असतं. वाऱ्याच्या माऱ्याने खुजी राहिलेली जांभूळ, हिरडा, गेळा यांची झाडं अंगणापर्यंत आलेली असतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की हवा धुतल्यासारखी होते आणि त्याच दरीत एकामागे एक डोंगररांगा उलगडत जातात, लांबवर प्रतापगड दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या पहाटे वेण्णा तलावाकाठी गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. यातलं काहीही हॉटेलने तयार केलेलं नाही आणि कुठल्याही दरपत्रकात ते नाही. हॉटेलचं काम एवढंच की पाहुण्याला त्या व्हरांड्यापर्यंत कोरड्या पायांनी आणून सोडायचं आणि मधे यायचं नाही. हे काम छोटं नाही. ते नीट करणाऱ्याला चांगले पैसे मिळायलाच हवेत.

हे काम नीट व्हावं म्हणून कायदे पुष्कळ आहेत, अजून दोन-चार साध्या गोष्टी हव्यात. पावसाळ्यात सगळी हॉटेलं पूर्वीसारखी बंद करा असं आज कुणी म्हणणार नाही, पण निम्म्या खोल्या बंद ठेवून भिंतींना श्वास घेऊ देणं शक्य आहे. छपरावर पडणारं एवढं पाणी साठवायला मोठी टाकी बांधल्याशिवाय नव्या बांधकामाला परवानगी मिळू नये. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तिथे त्या महिन्यात पोहण्याचे तलाव भरले जाऊ नयेत. उटीसारखी गाड्यांची मोजणी महाबळेश्वर, पाचगणी आणि लोणावळ्यालाही सुरू व्हावी, आणि आकडा ठरवताना हॉटेलवाल्यांबरोबर नळाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांनाही विचारावं. ‘नवीन महाबळेश्वर’च्या गावांत पहिली वीट रचण्याआधी प्रत्येक खोऱ्यातले झरे मोजावेत, उन्हाळ्यात त्यांना किती पाणी असतं ते लिहावं आणि खोल्यांची संख्या त्या पाण्यावरून ठरवावी. रस्ता किती रुंद होईल यावरून नव्हे.

आणि एक काम तर उद्या सकाळी करता येईल. प्रत्येक खोलीच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद लावलेला असतो. खोली किती वाजता सोडायची, मौल्यवान वस्तू कुठे ठेवायच्या, आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. त्याच कागदावर खाली चार ओळी वाढवाव्यात. या खोलीतलं पाणी कुठून येतं. ते वापरून झाल्यावर कुठे जातं. या महिन्यात इथून दरी साधारण किती दिवस दिसते. आणि ही खोली आवरणारी माणसं याच इमारतीत कुठल्या मजल्यावर राहतात.